आडतीचा हिशेब आणि रिलेशनल डेटाबेस: मुळापासून समजून घ्यायचे आहे

दुधनाकाठ (परभणी)

नमस्कार. मोंढ्यात आमचे आडत दुकान आहे. वडिलांच्या काळात कीर्द आणि खतावणी हातानेच लिहिली जात असे. गेली सहा वर्षे मी सगळा हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. एका ओळीत एक पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या एका विक्रीचा हिशेब, आणि त्याच ओळीत दिनांक, शेतकऱ्याचे नाव, गाव, तालुका, मोबाईल, माल, कट्टे, वजन, भाव, खरेदीदार, हमाली, तोलाई आणि कापलेली उचल असे सगळे रकाने आहेत. प्रत्येक हंगामाची फाइल वेगळी आहे.

यंदा सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडून एक चूक झाली आणि ती माझ्या मनातून जात नाही. आमच्याकडे माल आणणाऱ्या एका गावात एकाच नावाचे आणि आडनावाचे दोन शेतकरी आहेत. फरक आहे तो फक्त वडिलांच्या नावात. त्यांपैकी एकाने पेरणीच्या वेळी पंधरा हजारांची उचल घेतली होती. ती आम्ही दुसऱ्याच्या पट्टीतून कापली. ते गृहस्थ तिसऱ्या दिवशी एसटीने परत आले, पट्टीची घडी उलगडून माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाले, "मालक, मी तर तुमच्याकडून रुपयाही उचललेला नाही." पैसे तिथल्या तिथे परत केले, पण ऐन मळणीत त्यांचा एक दिवस आमच्यामुळे वाया गेला.

एका स्नेह्यांनी सुचवले की हा हिशेब रिलेशनल डेटाबेसमध्ये घ्यावा. कोणते सॉफ्टवेअर विकत घ्यावे, हे मला विचारायचे नाही. रिलेशनल म्हणजे नेमके काय, टेबल, की, जॉइन या शब्दांमागे कोणता विचार आहे, आणि माझ्यासारख्या एका दुकानाला त्याची खरोखर गरज आहे का, हे मुळापासून समजून घ्यायचे आहे.

कयाधू (हिंगोली)

मी महाविद्यालयात हा विषय शिकवतो, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आपल्या एका ओळीत प्रत्यक्षात चार निरनिराळ्या गोष्टींविषयी माहिती आहे: शेतकरी, गाव, खरेदीदार आणि तो एक व्यवहार. एखादा शेतकरी हंगामात पाच वेळा माल आणतो तेव्हा त्याचा मोबाईल क्रमांक पाच ठिकाणी लिहिला जातो. तो बदलला की पाचही ठिकाणी दुरुस्ती करावी लागते, आणि चार ठिकाणी करून एक ठिकाण राहिले, तर कोणता क्रमांक खरा हे फाइल सांगू शकत नाही.

याहून गंभीर अडचण दुसरी आहे. एका शेतकऱ्याने जूनमध्ये उचल घेतली, पण माल अजून आणलेला नाही. आपल्या रचनेत त्या उचलीला जागाच नाही, कारण तिथे पट्टी झाल्याशिवाय ओळ तयार होत नाही. माझा अंदाज असा आहे की ती नोंद आपण दुसऱ्या शीटमध्ये किंवा एखाद्या वहीत करत असाल, आणि पट्टी करताना नाव पाहून ती शोधत असाल. चूक झाली ती याच टप्प्यावर. उलट बाजूने पाहिले, तर चुकून झालेली एखादी पट्टी आपण काढून टाकली आणि त्या शेतकऱ्याची ती एकमेव पट्टी असेल, तर त्याचा पत्ता आणि मोबाईलही तिच्याबरोबर जातो.

यावरचा उपाय असा की प्रत्येक प्रकारच्या गोष्टीला स्वतंत्र टेबल द्यावे. शेतकऱ्यांचे एक, गावांचे एक, खरेदीदारांचे एक, पट्ट्यांचे एक आणि उचलींचे एक. शेतकऱ्यांच्या टेबलात प्रत्येक शेतकऱ्याला एक क्रमांक मिळतो, जो दुसऱ्या कोणालाही कधीच मिळत नाही; ती त्या टेबलाची प्रायमरी की. पट्टीच्या टेबलात नाव, गाव, मोबाईल यांपैकी काहीही लिहायचे नाही, फक्त तो क्रमांक लिहायचा; तिथे तो फॉरेन की म्हणून असतो. शेतकऱ्यांच्या टेबलात ३४२ हा क्रमांक नसेल, तर ३४२ च्या नावे पट्टी लिहायला डेटाबेस स्वतःच नकार देतो. ही राखण माणसाच्या लक्षात राहण्यावर अवलंबून नसते, म्हणून मला ती फार मोलाची वाटते.

पट्टी छापताना नाव आणि गाव पुन्हा शेजारी यावे लागते. त्यासाठी दोन टेबलांतील ज्या ओळींत तो क्रमांक सारखा आहे त्या जोडल्या जातात, आणि या जोडणीलाच जॉइन म्हणतात. साठवताना वेगळे आणि पाहताना एकत्र, असा हा मामला आहे.

मन्याड (नांदेड)

क्रमांकाची नवी भानगड कशाला हवी? मोबाईल क्रमांकच प्रायमरी की करावा. तो प्रत्येकाचा वेगळाच असतो.

दुधनाकाठ (परभणी)

मन्याड, आमच्या यादीत एका घरातल्या तीन भावांच्या नावांपुढे एकच मोबाईल आहे, आणि तो त्यांच्या पुतण्याचा आहे. शिवाय दर वर्षी कितीतरी जणांचे क्रमांक बदलतात. कयाधू सर, उचलीविषयी आपला अंदाज बरोबर आहे. ती आम्ही एका लाल वहीत लिहितो.

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

की कशाची करावी, या प्रश्नावर माझ्या कामातला अनुभव सांगते. मी सर्वेक्षणाची माहिती एकत्र करण्याचे काम करते आणि आमच्या जुन्या फायलींत जिल्ह्याचे नाव हीच ओळख होती. २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. त्यानंतर जुन्या आणि नव्या फायली जोडल्या, तेव्हा मराठवाड्यातल्या आठ जिल्ह्यांचे अहवालात दहा जिल्हे दिसू लागले. ज्या फायलींत २०११ च्या जनगणनेचे जिल्हा संकेतांक होते, त्यांना काहीही झाले नाही, कारण औरंगाबादचा संकेतांक ५१५ आणि उस्मानाबादचा ५२५ होता, आणि नाव बदलल्यावरही आकडा तोच राहिला. गावांच्या बाबतीत तर नावावर विसंबताच येत नाही. पिंपळगाव आणि वडगाव आपल्याकडे किती आहेत, ते सर्वांना ठाऊक आहे.

यातून मी एवढे शिकले की ज्याला व्यवहारात अर्थ आहे ते कधी ना कधी बदलते, म्हणून ओळखीचा क्रमांक अर्थहीन असलेलाच बरा. आणखी एक विनंती आहे. बारा आकडी आधार क्रमांक की म्हणून वापरण्याचा मोह कृपया टाळावा. दुकानाच्या कामाला तो लागत नाही, आणि जी माहिती आपल्याला लागत नाही ती आपल्याकडे असूच नये.

बिंदुसरा (बीड)

मी तलाठी म्हणून निवृत्त झालो. संगणकाचे शिक्षण माझ्याकडे नाही, पण कयाधू सरांचे लिहिणे वाचताना मला आमचे गाव नमुनेच डोळ्यांसमोर आले. गाव नमुना सात हे अधिकार अभिलेख पत्रक आहे, म्हणजे गटनिहाय कोणाची किती जमीन आहे ते त्यावरून कळते. गाव नमुना बारा ही पिकांची नोंदवही. या दोन्ही मिळून सातबारा होतो. गाव नमुना आठ-अ खातेनिहाय असतो, म्हणजे एका खातेदाराची त्या गावातली सगळी जमीन त्यात एकत्र दिसते. कोणताही बदल आधी गाव नमुना सहामध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत येतो, त्याला क्रमांक पडतो, आणि तो क्रमांक सातबाऱ्यावर नावापुढे लिहिला जातो. म्हणजे गट नंबर, खाते क्रमांक आणि फेरफार क्रमांक या तुमच्या 'की'च झाल्या ना?

एक गोष्ट आवर्जून सांगतो. सातबाऱ्यावरचे नाव कमी करताना आम्ही ते खोडत नसू, त्याला कंस करत असू. कोण होते आणि कोणत्या फेरफाराने गेले, हे पुढच्या माणसाला वाचता आले पाहिजे. तुमच्या डेटाबेसमध्ये ही सोय आहे का?

कयाधू (हिंगोली)

बिंदुसरा काका, आपले निरीक्षण अगदी नेमके आहे आणि पुढच्या वर्षी वर्गात मी हेच उदाहरण घेणार आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालतो.

एका गटात अनेक खातेदार असू शकतात आणि एका खातेदाराची जमीन अनेक गटांत असू शकते. असे दुहेरी अनेकत्व दोन टेबलांत मावत नाही. खातेदारांच्या टेबलात गटांचे रकाने करू लागलो तर किती करायचे? गट एक, गट दोन, गट तीन, आणि चौथा गट असलेला खातेदार आला की सगळी रचना मोडते. म्हणून मध्ये तिसरे टेबल लागते. त्याच्या प्रत्येक ओळीत एक खाते क्रमांक, एक गट नंबर आणि त्या खातेदाराचे त्या गटातील क्षेत्र असते. हे क्षेत्र एकट्या खातेदाराचे नाही आणि एकट्या गटाचेही नाही. ते त्या दोघांच्या जोडीचे आहे, म्हणून त्याची जागा तिथेच.

दुसरी गोष्ट आठ-अची. कागदी काळात सात आणि आठ-अ या दोन वह्या वेगळ्या लिहाव्या लागत, म्हणून त्यांत तफावत येऊ शकत असे. या मधल्या टेबलातून मात्र दोन्ही काढता येतात. गट नंबराने मांडले की सात मिळतो, खाते क्रमांकाने मांडले की आठ-अ मिळतो. अशा काढलेल्या मांडणीला डेटाबेसमध्ये व्ह्यू म्हणतात. तो वेगळा साठवलेला नसतो, विचारला की तयार होतो, त्यामुळे मूळ नोंदीशी विसंगत होण्याची त्याला संधीच नसते.

कंसाची सोय आपोआप होत नाही, ती करावी लागते. ओळ काढून टाकण्याऐवजी तिच्यापुढे 'रद्द दिनांक' आणि 'रद्द करण्याचे कारण' असे रकाने ठेवता येतात. पैशांच्या व्यवहारात मी तोच मार्ग सुचवीन.

मांजराकाठची (लातूर)

मूळ प्रश्नात 'रिलेशनल म्हणजे नेमके काय' असे विचारले आहे आणि त्याचे उत्तर अजून कोणी दिलेले नाही. टेबलांमध्ये नाती असतात म्हणून रिलेशनल, असे बऱ्याच ठिकाणी शिकवले जाते, आणि मीही नोकरीची पहिली काही वर्षे तेच मानत होते. हा शब्द मात्र गणितातून आलेला आहे. गणितात रिलेशन म्हणजे ठरावीक क्रमाने घेतलेल्या मूल्यांच्या गटांचा संच. प्रत्येक टेबल हे स्वतःच एक रिलेशन असते. एकच टेबल असलेला डेटाबेसही रिलेशनलच म्हणायचा.

हा विचार एडगर कॉड यांनी मांडला. त्यांचा जन्म १९२३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला. ते आयबीएम या संगणक कंपनीच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करत असताना, जून १९७० मध्ये 'कम्युनिकेशन्स ऑफ द एसीएम' या नियतकालिकात त्यांचा निबंध आला. त्याआधीच्या पद्धतींत माहिती झाडाच्या फांद्यांसारखी किंवा जाळ्यासारखी बांधलेली असे. आयबीएमची आयएमएस ही अपोलो मोहिमेच्या कामातून आकाराला आलेली प्रणाली फांद्यांच्या प्रकारची होती. त्या पद्धतीत एखादी नोंद हवी असेल तर वरून कोणत्या फांदीने खाली उतरायचे, हे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला माहीत असावे लागे, आणि साठवण्याची रचना बदलली की प्रोग्रॅमही बदलावा लागे. कॉड यांचे म्हणणे असे होते की वापरणाऱ्याने फक्त काय हवे ते सांगावे. ते कोठे ठेवले आहे आणि कोणत्या वाटेने आणायचे, हे यंत्रणेने पाहावे.

संच म्हटले की दोन गोष्टी ओघाने येतात. संचात क्रम नसतो, म्हणून 'पाचव्या ओळीतील शेतकरी' या म्हणण्याला इथे अर्थ नाही. आणि संचात एकच घटक दोनदा नसतो, म्हणून प्रत्येक ओळ दुसरीपासून ओळखता आलीच पाहिजे. प्रायमरी कीची गरज तिथूनच निर्माण होते. प्रत्यक्षातील एसक्यूएल, म्हणजे अशा डेटाबेसला आज्ञा देण्याची भाषा, या बाबतीत ढिले आहे. की ठरवली नाही, तर ते दुबार ओळी मुकाट्याने स्वीकारते.

एसक्यूएलची सुरुवातही आयबीएममध्येच झाली. डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी १९७४ मध्ये सीक्वेल नावाने ती भाषा मांडली. ते नाव दुसऱ्या कोणाचे व्यापारचिन्ह असल्यामुळे पुढे ते आखडून एसक्यूएल झाले. १९८६ मध्ये तिचे अमेरिकी प्रमाण ठरले. कॉड यांना संगणकशास्त्रातला १९८१ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला.

तेरणाकाठ (धाराशिव)

सर्वांचे लेखन वाचले आणि मी विरुद्ध मत नोंदवू इच्छितो. माझे बी-बियाण्यांचे दुकान आहे आणि मी बारा वर्षे एक्सेलच वापरतो. शेतकऱ्यांना क्रमांक देणे एक्सेलमध्येही शक्य आहे. एक शीट शेतकऱ्यांची ठेवावी, पट्टीच्या शीटमध्ये क्रमांक घालावा आणि व्हीलुकअप या सूत्राने त्या क्रमांकाचे नाव आणावे. यादीबाहेरचा क्रमांक कोणी लिहू नये म्हणून डेटा व्हॅलिडेशन लावता येते. दुधनाकाठ यांची चूक एक्सेलमुळे झालेली नाही, ती नावावरून माणूस ओळखल्यामुळे झाली. रचना नीट केली तर साधन बदलण्याची गरज नाही, आणि रचना चुकीची ठेवली तर महागडा डेटाबेसही तीच चूक करील. एका दुकानदाराने नवी भाषा शिकण्यात महिने घालवावेत, असे मला वाटत नाही.

कयाधू (हिंगोली)

तेरणाकाठ यांचा मुद्दा पूर्णपणे रास्त आहे. विचार रिलेशनल असणे महत्त्वाचे आहे, साधन त्यानंतर येते. एकच माणूस, एकच संगणक आणि काही हजार ओळी असतील, तर त्यांनी सांगितलेली व्यवस्था पुरेशी आहे. मात्र डेटा व्हॅलिडेशन हाताने टाइप केलेल्या मजकुरापुरते राखण करते. दुसरीकडून कॉपी करून पेस्ट केले, की ते निसटते. दुधनाकाठ, आपल्या दुकानात नोंदी किती जण करतात?

दुधनाकाठ (परभणी)

दोघे. मी आणि मुनीमजी. दोन संगणक आहेत. हंगामात दोघेही एकाच वेळी लिहितो आणि रात्री दोन फायली एकत्र करतो. त्याच वेळी वीज गेली तर काही नोंदी अर्ध्या राहतात. एकदा खरेदीदाराच्या खात्यावर रक्कम चढली होती, पण शेतकऱ्याच्या खात्यावर जमा झाली नव्हती. ते शोधायला दोन रात्री लागल्या.

मांजराकाठची (लातूर)

तर मग एक्सेलची मर्यादा आली असे मला वाटते. आपण सांगितलेल्या अडचणीवर ट्रान्झॅक्शन ही संकल्पना आहे. खरेदीदाराच्या नावे टाकणे आणि शेतकऱ्याच्या खात्यात जमा करणे, ही दोन कामे डेटाबेसला एकच काम म्हणून सांगता येतात. झाली तर दोन्ही होतात, मध्ये काही बिघडले तर एकही होत नाही.

वीज गेल्यावर हे कसे साधते, ते समजून घेण्यासारखे आहे. आपले वडील कीर्द आणि खतावणी लिहीत असत, असे आपण सुरुवातीला म्हटले आहे. दिवसाचा व्यवहार घडेल त्या क्रमाने आधी कीर्दीत लिहायचा आणि मग सवडीने खतावणीत ज्याच्या त्याच्या खात्यावर चढवायचा, हीच ती पद्धत. खतावणीचे काम अर्धवट राहिले तरी बिघडत नाही, कारण कीर्द पाहून ते पुन्हा पुरे करता येते. डेटाबेसही अगदी असेच करतो. बदल आधी एका क्रमवार नोंदीत लिहून डिस्कवर पक्का करतो आणि टेबलांत नंतर चढवतो. वीज परत आली की तो ही नोंद वाचतो, पूर्ण झालेले व्यवहार खात्यांवर चढवतो आणि अपुरे राहिलेले व्यवहार झालेच नाहीत असे मानतो. इंग्रजीत याला राइट-अहेड लॉगिंग म्हणतात. मी हे पुस्तकातून शिकले तेव्हा मला ते अवघड वाटले होते. आमच्या आजोबांच्या कापडदुकानातली कीर्द आठवली, तेव्हा कुठे ते उमगले.

दोघांनी एकाच वेळी लिहिण्याचा प्रश्नही इथेच सुटतो. एकाची नोंद पूर्ण होईपर्यंत तिचा अर्धवट भाग दुसऱ्याला दिसत नाही.

बिंदुसरा (बीड)

ताई, कीर्दीचे उदाहरण वाचून फार समाधान वाटले. फेरफार नोंदवहीचेही तसेच आहे. आधी तिथे नोंद, ती प्रमाणित झाल्यावर सातबारा.

मन्याड (नांदेड)

मोबाईल क्रमांकाविषयी माझे मत मी मागे घेतो. आता एक वेगळा प्रश्न. माल उतरला आहे, पण काटा व्हायचा आहे, अशा वेळी वजनाच्या रकान्यात शून्य लिहायचे का?

खामकाठ (छत्रपती संभाजीनगर)

शून्य अजिबात लिहू नये. शून्य म्हणजे वजन केले आणि ते शून्य भरले. माहीत नाही हे सांगण्यासाठी नल नावाची वेगळी खूण असते. सरासरी काढताना डेटाबेस नल असलेल्या ओळी बाजूला ठेवतो, शून्य मात्र सरासरीत धरतो. दहा पट्ट्यांपैकी दोघांचा काटा बाकी असताना तिथे शून्य लिहिले, तर सरासरी वजन नाहक खाली येईल.

नलचे वागणे सुरुवातीला चकवते. 'वजन बरोबर नल' अशी विचारणा केली तर एकही ओळ मिळत नाही, कारण अज्ञात गोष्ट दुसऱ्या अज्ञात गोष्टीएवढी आहे की नाही, याचे उत्तरही अज्ञातच असते. 'वजन नल आहे का' असे वेगळ्या शब्दांत विचारावे लागते. जिथे माहिती असलीच पाहिजे तिथे, म्हणजे पट्टीचा दिनांक आणि शेतकऱ्याचा क्रमांक या रकान्यांत, नल चालणार नाही अशी अट टेबल तयार करतानाच घालावी.

मराठीत नावे लिहिणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी. 'कऱ्हाळे' हे आडनाव संगणकात एकाहून अधिक प्रकारे साठवले जाऊ शकते. कोणी ऱ हे स्वतंत्र अक्षर वापरते, कोणी र खाली नुक्ता देते, तर कोणी र, हलन्त आणि मधे न दिसणारे जोडचिन्ह वापरते. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती निराळी असतात. आमच्या यादीत एकच बाई दोनदा आढळल्या, दोन्ही ठिकाणी नाव डोळ्यांना हुबेहूब तेच, आणि शोधताना मात्र एकच नोंद सापडत असे. नावाने शोधणे हे सोयीपुरते असावे, ओळख क्रमांकानेच पटवावी, याचे हे आणखी एक कारण.

दुधनाकाठ (परभणी)

पंधरा दिवसांनी लिहितो आहे. मुनीमजींच्या भाच्याच्या मदतीने पोस्टग्रेसक्यूएल हे डेटाबेसचे सॉफ्टवेअर बसवले आणि टेबले तयार केली: गाव, शेतकरी, खरेदीदार, माल, पट्टी, उचल. शेतकऱ्यांच्या टेबलात वडिलांचे नाव वेगळ्या रकान्यात घेतले आहे आणि ते रिकामे ठेवता येत नाही. त्या दोघांना ११८ आणि ३४२ हे क्रमांक मिळाले आहेत. पट्टीवर आता हा क्रमांक ठळक छापतो आणि तो शेतकऱ्यांना पाठही होऊ लागला आहे.

एका बाबतीत शंका आहे. माहिती दोनदा लिहू नये असे इथे ठरले, म्हणून मी भाव पट्टीत न ठेवता मालाच्या टेबलात ठेवला. सोयाबीनचा भाव एकदा तिथे बदलला की सगळीकडे बदलतो. हे बरोबर आहे ना?

तेरणाकाठ (धाराशिव)

कृपया असे करू नका. उद्या भाव बदलाल आणि गेल्या महिन्याच्या सगळ्या पट्ट्यांची रक्कम बदललेली दिसेल.

कयाधू (हिंगोली)

तेरणाकाठ यांनी मोठी चूक वेळीच दाखवली. सारख्या दिसणाऱ्या दोन आकड्यांनी एकच गोष्ट सांगितली जाते की दोन, हे आधी पाहावे लागते. आजचा बाजारभाव ही मालाविषयीची माहिती आहे आणि ती रोज बदलते. त्या दिवशी सौदा ज्या भावाने तुटला तो भाव त्या पट्टीविषयीची माहिती आहे आणि ती कधीच बदलणार नाही. दोन्ही आकडे एखाद्या दिवशी योगायोगाने सारखे असले, तरी त्या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत आणि दोन ठिकाणीच राहिल्या पाहिजेत. हमाली आणि तोलाईच्या दरांचेही तसेच. मोबाईलच्या बाबतीत मात्र आपल्याला नेहमी आजचाच क्रमांक हवा असतो, म्हणून तो एकाच ठिकाणी.

माझे विद्यार्थी नॉर्मलायझेशनचे, म्हणजे माहिती योग्य टेबलांत विभागण्याचे, नियम तोंडपाठ म्हणून दाखवतात आणि नेमके इथे अडखळतात. कोणती माहिती कोणत्या गोष्टीवर अवलंबून आहे, हे नियमाकडून कळत नाही. ते धंदा जाणणाऱ्यालाच सांगावे लागते, म्हणून ही टेबले आपण स्वतः केली हे फार चांगले झाले.

दुधनाकाठ (परभणी)

समजले. भाव, हमाली आणि तोलाई पट्टीत परत आणली. आणखी एक अडचण आहे. जुन्या फायलींतून नावे आणताना काही शेतकरी दोनदा आले आहेत. उदाहरणार्थ एकच गृहस्थ ८७ आणि २९१ अशा दोन क्रमांकांवर आहेत. मी त्यांना फोन करून खात्री केली. २९१ काढून टाकायचा कसा?

मांजराकाठची (लातूर)

आधी पट्टीच्या टेबलात जिथे जिथे २९१ आहे तिथे ८७ करावे, मग शेतकऱ्यांच्या टेबलातून २९१ ची ओळ काढावी, आणि ही दोन्ही कामे एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये करावीत. फॉरेन की लावलेली आहे ना, एवढे मात्र पाहून घ्यावे. हे वाचणाऱ्यांपैकी कोणी एसक्यूलाइट हा दुसरा डेटाबेस वापरत असेल, तर त्यात ही तपासणी सर्वसाधारणपणे बंद असते आणि ती प्रत्येक जोडणीच्या वेळी सुरू करावी लागते.

दुधनाकाठ (परभणी)

आज दुपारी केले. सर्व पट्ट्या ८७ वर नेल्या आणि २९१ काढून टाकण्याची आज्ञा दिली. डेटाबेसने नकार दिला आणि कारण म्हणून उचलीच्या टेबलाचे नाव दाखवले. तिथे पाहिले, तर मुनीमजींनी लाल वहीतून उतरवलेली आठ हजारांची एक उचल २९१ वर होती. ती माझ्या ध्यानातही नव्हती. तीही ८७ वर नेली, पुन्हा आज्ञा दिली आणि २९१ ची ओळ गेली. संध्याकाळी त्या गृहस्थांना फोन करून उचल किती आणि कधीची, ते विचारले. त्यांनी रक्कम आणि महिना दोन्ही तेच सांगितले.